हातानं रंगवलेले बोर्ड: आमची वाटचाल

वडिलांनी शाहूपुरीत दुकान टाकलं तेव्हा कोल्हापुरात पेंटरला मान होता. असणारच. बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले, देशी कॅमेरा घडवला, मूकपट काढले आणि गावानं त्यांना पेंटर हेच आडनाव दिलं. त्याच गावात पुढं आमच्या तोंडावर "पेंटर संपले" म्हणणारा निघाला, हे मी विसरलेलो नाही.

तो परका नव्हता. वडिलांच्या हाताखाली शिकला, नंतर आमचा भागीदार झाला. ओळ सरळ यावी म्हणून पत्र्यावर दोरी मारणं, अक्षर बसवणं, सगळं इथलंच. फ्लेक्स आला तशी त्यानं भागीदारी मोडली, कर्जावर मशीन घेतलं आणि आमच्याच वहीतल्या गिऱ्हाइकांना फोन लावले. सकाळी फोटो द्या, संध्याकाळी बोर्ड न्या. तालमीचं, मंडळांचं, निवडणुकीचं, एकेक काम गेलं. हाताखालची पोरं गोकुळ शिरगावला एमआयडीसीत लागली. भाडं थकलं, रंगवाल्यानं उधारी बंद केली. मशीनचा एजंट आमच्याकडंही कर्जाचे कागद घेऊन आला. मी नाही म्हटलं. घरात बरेच दिवस कुणी धड बोललं नाही. पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून तयार अक्षरं सरकवायची, तर वडिलांनी हातात ब्रश कशाला दिला? धंदा निवडणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो: कमाई किती ते नंतर विचारा, दिवसभर हातानं काय करावं लागेल ते आधी बघा.

त्या काळात एक माणूस हलला नाही. लक्ष्मीपुरीतले धान्याचे व्यापारी, आमचे अण्णा. त्यांच्या मुलानं हौसेनं फ्लेक्स करून आणला, तर 'सर्व प्रकारची कडधान्ये' मधला रफार 'व' सोडून 'स'च्या डोक्यावर. अण्णांनी तो उतरवला आणि स्वतः दुकानात आले. "पेंटर, नवा पत्रा घ्या. दर विचारत नाही."

तो बोर्ड मी जीव लावून केला. पत्र्याला रेड ऑक्साइडचं अस्तर, पॉलिश पेपरनं घासून पांढऱ्या इनॅमलचे दोन हात, मग दोरी. आमच्याकडं शिरोरेघ शेवटी ओढतात; अक्षरांची पोटं जुळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. वेलांटीला वडिलांचा खारीच्या केसांचा ब्रश. रंग भरून एकदाच फिरवायचा, मध्ये उचलला की जोड दिसतो. रॉकेलनं धुऊन गोडं तेल लावून ठेवतो, म्हणून तो ब्रश अजून कामात आहे.

पुढची वर्षं बरी गेली. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली आणि आमच्या गल्लीत पाणी शिरलं. ओसरल्यावर फ्लेक्सच्या चिंध्या लोंबत होत्या. आमच्या बोर्डांवरचा गाळ धुतला, खाली अक्षर जसंच्या तसं.

आता मिसळवाले, हॉटेलवाले हातानं रंगवलेलाच बोर्ड मागत येतात. त्यांत त्या भागीदाराची गिऱ्हाइकंही आहेत, आणि त्यांचं काम मी जरा जास्तच मन लावून करतो. येताना मजकूर कागदावर नीट लिहून आणा, फोन नंबर दोनदा तपासा. बोर्ड पश्चिमेला तोंड करून लागणार असेल तर लाल अक्षरांचा हट्ट धरू नका, उन्हात तोच रंग आधी उडतो. उद्या उद्घाटन आहे म्हणून आज रात्रीत द्या, असलं काम आम्ही घेत नाही.