सरपण कुठून आणायचे?

शनिवार, रात्र. ब्रिजपोर्ट, कॅलिफोर्निया

आज आईला बोडी दाखवून आणलं. आमच्या भंडाऱ्याकडे बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. तिला वाटलं, पाणी बघायला चाललोय. मी सांगितलं, हे सोन्याच्या खाणींचं गाव, आता ओसाड. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, उंची आठ हजार फुटांच्या वर, आणि नजर जाईल तिथवर खुरटी झुडपं.

आई एकेका घराच्या काचेला कपाळ टेकवून आत बघत होती. एका घरात लोखंडी चूल दिसली, तशी म्हणाली, "अगं, इथे एक झाड नाही. हे लोक सरपण कुठून आणायचे?"

मी इथे तिसऱ्यांदा आले. मला हे कधी सुचलं नव्हतं. तिनं लहानपणी डोक्यावर मोळ्या वाहिल्यात.

बोडी नावाच्या माणसाला इथे 1859 मध्ये सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात मेला. गाव त्यानं पाहिलंच नाही. 1876 च्या सुमारास स्टँडर्ड कंपनीच्या खाणीत मोठा साठा लागला आणि तीन-चार वर्षांत हजारो माणसं इथे येऊन राहिली. घरोघरी चूल, आणि दगड कुटून सोनं काढणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर वेगळेच. सगळं लाकडावर. ते यायचं मोनो तलावापलीकडच्या पाइनच्या जंगलातून. 1881 मध्ये तर खास लाकडासाठी 32 मैलांची रेल्वे बांधली. देशातल्या दुसऱ्या कुठल्याच लोहमार्गाला ती जोडलेली नव्हती. जंगल ते गाव, एवढीच तिची धाव. आणि रूळ पोचले तोवर माणसं नव्या खाणींकडे निघालीसुद्धा होती!

पुढे गाव आटतच गेलं. 1932 च्या आगीत बरंचसं जळालं, 1942 मध्ये युद्धामुळे सोन्याच्या खाणी बंद करायचा सरकारी हुकूम निघाला. आता शंभरेक इमारती उरल्यात. त्या पडू द्यायच्या नाहीत आणि नव्याही करायच्या नाहीत, असं हे गाव सांभाळणाऱ्या सरकारी उद्यानाचं धोरण आहे. मला ते फार पटतं.

इथली वस्तू नेली तर बाधते अशी समजूत आहे. नेलेले खिळे, काचा लोक माफीच्या पत्रासकट टपालानं परत पाठवतात. आईला हे सांगितलं नव्हतं. परतताना वाटेत एक वाळकी काटकी पडली होती. ती सवयीनं वाकली, काटकी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि होती तिथेच ठेवली.