भिंतीला कान

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरला घाई ठाऊक नाही. बटण दाबलं की त्यातल्या काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे ट्यूबांच्या, पोटात आधी तांबूस ठिपका दिसतो, मग तो निखाऱ्यासारखा स्थिरावतो आणि बऱ्याच वेळाने स्पीकरमधून एक बारीकसा उसासा येतो. तोवर माणसाने गप्प बसायचं. माझ्या अ‍ॅम्पमध्ये ३००बी जातीच्या नळ्या आहेत. ही नळी १९३० च्या दशकातली, वेस्टर्न इलेक्ट्रिकची. तेव्हाची सिनेमाघरं अशा नळ्यांच्या मोजक्या वॅटांवर आणि भल्यामोठ्या कर्ण्यांवर अख्खं प्रेक्षागृह भरून काढायची. माझ्या अ‍ॅम्पमध्ये डाव्या-उजव्या दर चॅनेलला अशी एकच नळी आहे आणि ती देते ८ वॅट. आकडा ऐकून समोरचा सहानुभूतीने बघतो. घरातला एलईडी दिवासुद्धा तेवढे खातो.

पण गाणाऱ्याचा गळा त्या ८ वॅटांत असा काही उतरतो, की त्याने घेतलेला श्वाससुद्धा खोलीतच घेतल्यासारखा वाटतो. कमी पडायचा तो खर्ज. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर वाजते, बास गिटारची जाड तार ४१ वर. माझे स्पीकर पन्नाशीच्या आसपास हात टेकतात. त्यांचाही दोष नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे करावं लागतं, आणि दोन सप्तकं खाली सोळापट. एवढ्याशा पेटीतल्या एवढ्याशा पडद्याने कुठे कुठे धावावं?

म्हणून सबवूफर आणला, फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर. काळा, चौकोनी, पोटात स्वतःचा भरभक्कम अ‍ॅम्प असलेला. पेटी फोडून तो खोलीत ठेवला आणि मग प्रश्न पडला, की हा जोडायचा कुठे? माझ्या अ‍ॅम्पच्या पाठीवर सबवूफरसाठी वेगळं भोकच नाही. आहेत ती फक्त स्पीकरची टर्मिनलं. कुणीतरी सुचवलं, सीडी प्लेअरमधूनच एक फाटा काढ. पण मग अ‍ॅम्पचा आवाज कितीही कमी केला तरी सबवूफर आपल्याच तोऱ्यात घुमत राहणार. तो बेत तिथेच सोडला.

उत्तर स्पीकरच्या टर्मिनलांवरच होतं. सबवूफरच्या मागे ‘हाय लेव्हल’ लिहिलेलं एक तोंड असतं. स्पीकरला जाणारा सिग्नलच त्यात द्यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला. आधीच ८ वॅट, त्यात आणखी एक खाणारं तोंड! पण ते तोंड खात नाही. स्पीकरचा अडथळा ८ ओहमचा असतो, या तोंडाचा हजारो ओहमचा. त्यातून जाणारा प्रवाह इतका नगण्य, की अ‍ॅम्पला आपल्याला कुणी चिकटलंय याचा पत्ताही लागत नाही. शेजारचं भांडण भिंतीला कान लावून ऐकलं म्हणून भांडणाऱ्यांचा जोर थोडाच कमी होतो? ऐकून घ्यायचं आणि मग स्वतःच्या ताकदीवर बोलायचं, एवढंच सबवूफरचं काम.

याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती जरा धोक्याची. सबवूफर काही ओढत नाही, म्हणजे तो अ‍ॅम्पवरचा भारही नव्हे. ट्यूब अ‍ॅम्पला भार लागतो. स्पीकर काढून ठेवले आणि नुसत्या सबवूफरवर गाणं सोडलं, तर नळ्या आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढून त्याचं इन्सुलेशन जळू शकतं. बिनओझ्याचा कोलमडावा असा हा प्राणी आहे. तेव्हा स्पीकर जागच्या जागी, आणि वायरींना हात लावायचा तो सगळं बंद करूनच.

वायरीचं एक टोक सबवूफरमध्ये पिळून अडकवायचं. दुसऱ्या टोकाला तीन शेपट्या. लाल उजव्या स्पीकरच्या अधिक टर्मिनलला, पिवळी डाव्याच्या अधिकला, आणि काळी उणेला. पण उणे टर्मिनलं दोन आणि काळी शेपटी एकच! मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून होतो. शेवटी मल्टिमीटर लावून पाहिलं, तर माझ्या अ‍ॅम्पची दोन्ही उणे टर्मिनलं आतून एकच निघाली. मग काय, कुठेही लावा. सगळ्याच अ‍ॅम्पमध्ये असं नसतं. डाव्या-उजव्याला वेगवेगळे अ‍ॅम्प असणाऱ्यांनी तर बनवणाऱ्यालाच विचारलेलं बरं. शेपट्यांची टोकं मात्र पीळ देऊन घट्ट करावीत. तांब्याची एक मिशी शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

ही पद्धत वापरणारे आणखी एक कारण सांगतात. सिग्नल नळ्यांमधून, ट्रान्सफॉर्मरमधून फिरून आलेला असतो, त्यामुळे नळ्यांच्या सुराची ढब सबवूफरलाही लागते म्हणे. मी मान डोलावतो. पैज लावणार नाही.

पहिल्या रात्री गाण्याआधी गुरगुर आली. सबवूफर आणि अ‍ॅम्प दोन वेगळ्या सॉकेटांत होते, आणि दोन अर्थिंगांच्या मधल्या वळशातून विजेचं स्वतःचंच गाणं चालू होतं. अर्थिंगची पिन काढून टाक, असाही सल्ला मिळाला. तो मात्र ऐकू नये. दोन्ही प्लग एकाच बोर्डवर आणले आणि गुरगुर थांबली.

मग जागेचा प्रश्न. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरची असते, माझ्या खोलीहून लांब. ती भिंतीवर आपटून परत येते आणि स्वतःलाच भेटते. काही ठिकाणी दुप्पट होते, काही ठिकाणी नाहीशी. यावर जुना आणि पोरकट उपाय आहे. सबवूफर आपल्या खुर्चीत बसवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज एकसारखा, घट्ट ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. मी गुडघ्यांवर, कान फरशीजवळ, असा कोपऱ्यात पोहोचलो तेव्हा बायको दारात उभी होती.

‘‘काय हरवलंय?’’

‘‘खर्ज शोधतोय.’’

तिने खुर्चीत ऐसपैस बसलेल्या सबवूफरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार हळूच ओढून घेतलं.

फेजचं बटण, म्हणजे सबवूफरची लाट सुलट ठेवायची की उलटी करायची ते ठरवणारं, मुलीने सांभाळलं. ती शून्य आणि १८० च्या मध्ये खटके मारत होती, मी खुर्चीत डोळे मिटून. शून्यावर सबवूफर आणि स्पीकर एकमेकांना खाऊन टाकत होते. १८० वर डग्गा अचानक अंगाने भरला. सिग्नल दोघांना एकाच टर्मिनलवरून मिळतो, पण दोघांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे लाटा माझ्या खुर्चीशी उलट्या भेटत असाव्यात. क्रॉसओव्हर, म्हणजे जिथून खालचे सूर सबवूफरने वाजवायचे ती सीमा, ४५ हर्ट्झच्या आसपास ठेवला. त्याहून वर नेला की गायकाला पडसं झाल्यासारखं वाटायचं.

राहिलं गेनचं, म्हणजे सबवूफरचा आवाज कमी-जास्त करायचं बटण. इथे माझं स्वतःशीच भांडण झालं. एवढी वस्तू आणली, तर ती ऐकू यायला नको का? पहिला आठवडाभर खिडकीची तावदानं थरथरत होती आणि मी खूश होतो. मग रोज थोडं थोडं कमी करत गेलो. शेवटी बटण अशा ठिकाणी आलं, की सबवूफर वाजतोय की नाही ते त्याच्या पडद्याला बोट लावल्याशिवाय कळेना. बंद केला तेव्हा मात्र खोलीच्या भिंती हातभर पुढे सरकल्यासारख्या वाटल्या. खालचा सूर गेलाच, पण ज्या सभागृहात ते गाणं झालं होतं, ते सभागृहही गेलं. लगेच पुन्हा चालू केला आणि बटणाशेजारी पेन्सिलने खूण केली.

पाहुणे येतात तेव्हा मी ते बटण खुणेच्या जरा पुढे सरकवतो. त्यांना काळ्या डब्याचं काम कळायला हवं ना! ते गेले की परत खुणेवर. परवा परत आणायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणं लावून जेमतेम टेकलो, तोच आतून हाक आली, ‘‘अजून कोण बसलंय रे बाहेर?’’