इम्पॅक्ट फॅक्टर राहू दे, आधी अनुक्रमणिका उघडा

कुठल्याही जर्नलचं, म्हणजे संशोधनाचे पेपर छापणाऱ्या नियतकालिकाचं, नाव काढलं की आमच्याकडच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम इम्पॅक्ट फॅक्टर किती? म्हणजे त्यातल्या पेपरांचे दाखले लोक सरासरी किती देतात तो आकडा. मग, स्कोपसमध्ये, म्हणजे जर्नलांच्या त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे का? मग, छापायला पैसे किती घेतात? त्यात नेमकं छापून काय येतं हे विचारायला कुणालाच वेळ नसतो. पोरांना बोलून उपयोग नाही म्हणा, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची केअर लिस्ट आली तेव्हा सगळे तिच्यामागं पळाले, २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनंच ती बंद केली, आता सगळे क्यू-वन क्यू-टू करत फिरतायत, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरसारख्या आकड्यांवरून जर्नलांचे चार भाग पाडायचे, सगळ्यात वरचा क्यू-वन. आणि गंमत म्हणजे हा क्यू विषयाच्या कॅटेगरीप्रमाणं ठरतो, त्यामुळं एकच जर्नल एका कॅटेगरीत क्यू-वन आणि दुसऱ्या कॅटेगरीत क्यू-टू असू शकतं. जर्नल तेच, पेपर तेच, नुसती रांग बदलली.

तर मी जो विषय आवडीनं वाचते तो इव्होल्यूशनरी सायकॉलॉजी. माणसाचं मन, त्याच्या आवडीनिवडी, भीती, नातीगोती, हे सगळं उत्क्रांतीच्या अंगानं बघायचं. यातलं जुनं आणि वजनदार जर्नल म्हणजे ‘इव्होल्यूशन अँड ह्यूमन बिहेवियर’, आधी त्याचं नाव ‘इथॉलॉजी अँड सोशिओबायॉलॉजी’ होतं, १९९७ ला बदललं. दुसरं ‘ह्यूमन नेचर’, १९९० पासूनचं. तिसरं नावानंच ‘इव्होल्यूशनरी सायकॉलॉजी’, २००३ पासून, ओपन अॅक्सेस, म्हणजे विद्यापीठाचं लॉगिन नसलं तरी घरबसल्या फुकट वाचता येतं. या सगळ्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर एक आकडी. ‘नेचर’ या सगळ्या विज्ञानाच्या नामांकित जर्नलचा पन्नासच्या आसपास असतो, म्हणून पोरं हे आकडे बघून नाक मुरडतात.

पण हा आकडा येतो कुठून ते एकदा बघा. समजा एखाद्या जर्नलनं मागच्या दोन वर्षांत मिळून १०० पेपर छापले आणि त्या पेपरांना यंदा सगळीकडून मिळून २५० सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरात दिलेले दाखले, मिळाली, तर इम्पॅक्ट फॅक्टर २.५. झालं. यूजीन गारफिल्ड म्हणून माणूस होता, त्यानं १९५५ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कुणी कुणाचा दाखला दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली, आणि पुढं हा आकडा लायब्ररीवाल्यांना कुठलं जर्नल घ्यावं कुठलं सोडावं हे ठरवायला उपयोगी पडू लागला. माणसाची नोकरी, प्रमोशन, पीएचडी त्यावर तोलायचं नंतर सुरू झालं. बरं ती सरासरी आहे, आणि सायटेशन काय सगळ्यांना सारखी वाटली जात नाहीत, त्या २५० पैकी ९० एकाच पेपरनं ओढलेली असू शकतात आणि तीसेक पेपरांना एकही नाही असंही असू शकतं. कॅन्सरच्या डॉक्टरांचं एक अमेरिकन जर्नल आहे, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनशेच्या वर जातो, कारण त्यात दरवर्षी कॅन्सरची आकडेवारी छापून येते आणि कॅन्सरवर लिहिणारा जो तो तिचा दाखला देतो. शिवाय संपादकीय आणि पत्रं यांना मिळालेली सायटेशन वरच्या आकड्यात धरतात, खाली भागाकार करताना मात्र ते लेख मोजतच नाहीत. पूर्वी हा आकडा तीन दशांशांपर्यंत द्यायचे, २०२३ पासून एकच दशांश देतात, तेवढंच बरं केलं, नाहीतर २.४१३ वालं जर्नल २.४०९ वाल्याकडं तुच्छतेनं बघायचं.

यात मला सगळ्यात खटकतं ते दोन वर्षांचं कुंपण. इव्होल्यूशनरी सायकॉलॉजीचा पाया म्हणजे डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाचे १९६४ चे दोन पेपर, ‘जर्नल ऑफ थिऑरेटिकल बायॉलॉजी’मध्ये आलेले. जवळच्या नातेवाइकासाठी जीव झीज का सोसतो याचं गणित त्यात आहे, नातं जितकं जवळचं तितका फायदा जास्त मोजायचा, आणि तो खर्चाच्या वर गेला की मदत करण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या पेपरांकडं पहिली कित्येक वर्षं फारसं कुणी ढुंकून बघितलं नाही. १९७५ नंतर, जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सनच्या ‘सोशिओबायॉलॉजी’ या जाडजूड पुस्तकानंतर, सायटेशनचा पूर आला. म्हणजे दोन वर्षांच्या हिशोबात हॅमिल्टन जवळजवळ शून्यच. आणि त्यातही मजा ऐका, पेपरच्या नावात ‘इव्होल्यूशन’ असा शब्द होता, विल्सनच्या पुस्तकात त्याच्या जागी ‘थिअरी’ छापलं गेलं, आणि पुढं कितीतरी जणांनी आपापल्या संदर्भयादीत तस्संच चुकीचं नाव उतरवलं. म्हणजे मूळ पेपर हातात न घेता एकमेकांच्या यादीवरून कॉपी! मोजणाऱ्या मशीनला त्याचं काय, तिच्या लेखी ते सायटेशनच.

मशीनला आणखी एक कळत नाही, ते म्हणजे दाखला कौतुकानं दिलाय का झोडपायला. पाळीच्या चक्रातल्या ठराविक दिवसांत बायकांची पुरुषांबद्दलची पसंती बदलते, जास्त मर्दानी चेहरे आवडायला लागतात, असा एक दावा १९९९ च्या ‘नेचर’मधल्या पेपरनंतर लई गाजला. वर्तमानपत्रांनी तर तो मिटक्या मारत छापला. मग २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले, एक गट म्हणाला परिणाम दिसतो, दुसरा म्हणाला ठोस काही नाही. पुढं २०१८ मध्ये मोठा नमुना घेऊन, हार्मोन प्रत्यक्ष मोजून बघितलं तर चेहऱ्यांच्या पसंतीत तसा बदल सापडला नाही. आता या सगळ्या भांडणात सायटेशन कुणाला मिळाली? सगळ्यांना! दावा करणाऱ्यालाही, खोडणाऱ्यालाही. म्हणून जोडीदाराची निवड, चेहरे, आवाज, असल्या विषयांचं या जर्नलांत एवढं पीक का येतं याचं एक कारण मला तरी हे वाटतं, की त्यावर भांडण लगेच लागतं आणि लोक वाचतातही. पण तेवढंच बघून ‘हा विषय म्हणजे नुसतं डेटिंगचं शास्त्र’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांनी अनुक्रमणिका पुढं वाचलेलीच नसते.

उदाहरण देते. २००१ मध्ये हेन्रिक आणि गिल-व्हाइट यांचा मोठा पेपर ‘इव्होल्यूशन अँड ह्यूमन बिहेवियर’मध्ये आला, विषय प्रतिष्ठा. त्यांचं म्हणणं असं की माणसांत वरचं स्थान दोन वाटांनी मिळतं. एक दहशतीनं, ती प्राण्यांतही आहे. दुसरी मानानं, म्हणजे ज्याला काहीतरी उत्तम येतं त्याच्याजवळ राहून शिकता यावं म्हणून लोक आपणहून त्याला मान देतात. फरक वागण्यात दिसतो, दहशतवाल्यापासून माणूस लांब राहतो, नजर चुकवतो, आणि मानवाल्याच्या जवळ जवळ करतो, त्याच्याकडं टक लावून बघतो, त्याची नक्कल करतो, त्याची कामं करतो.

हे वाचताना मला दुसरं काही आठवायचं कारणच नव्हतं, कोल्हापुरात तालमीला काय तोटा! पहाटेला गंगावेशीच्या बाजूला जाऊन बघा. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले असतात, वयानं साठी ओलांडलेली, समोरचा वीस वर्षांचा गडी त्यांना एका हातानं उचलंल. पण पोरगं मातीत उतरायच्या आधी त्यांच्या पाया पडतं, आणि वस्ताद उठून डाव दाखवायला लागले की सगळ्यांचे डोळे त्यांच्या पायांवर, वजन कुठल्या पायावर घेतलं, टाच कधी उचलली. हात चेपून द्यायचे, पाणी आणून द्यायचं, वर त्यांच्यासारखं चालायचं सुद्धा. यात भीती नसते असं नाही, वस्तादांचा एक फटका बसला की कळतं, पण नुसती भीती असती तर ती पोरं पहाटे उठून तिथं आलीच नसती. त्या पेपरमधलं वर्णन आणि हे, मला तर वेगळं करता येत नाही. या पेपरला आजवर हजारो सायटेशन आहेत, पण जर्नलच्या यंदाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये त्यातलं एकही धरलं जात नाही, कारण पेपर जुना झाला.

आता आपल्या उपयोगाचं. मानसशास्त्राचे प्रयोग होतात कुणावर? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा जर्नलांची २००३ ते २००७ ची तपासणी झाली होती, त्यात ९६ टक्के लोक पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतले निघाले, जिथं जगातली फक्त १२ टक्के माणसं राहतात. इव्होल्यूशनरी वाले तर ‘अख्ख्या मानवजातीबद्दल’ बोलतात, त्यांनी तरी जग हिंडावं! पण पोलेट आणि सॅक्स्टन यांनी २०१९ मध्ये नेमकी ‘इव्होल्यूशन अँड ह्यूमन बिहेवियर’ आणि ‘इव्होल्यूशनरी सायकॉलॉजी’ ही दोनच जर्नलं घेऊन बघितलं, तर इथंही बहुतेक नमुने पाश्चात्त्य, आणि त्यातले बरेच कॉलेजची पोरं नाहीतर ऑनलाइन भरलेले फॉर्म.

आणि आपल्या दारात काय पडलंय बघा. ऑयलर आणि वाइत्झेल यांनी १९९६ मध्ये ‘ह्यूमन नेचर’मध्ये जर्मनीतला अभ्यास छापला, लहानपणी तुमचा सगळ्यात जास्त जीव लावून सांभाळ कुठल्या आजीआजोबांनी केला? क्रम आला तो असा, आईची आई, मग आईचे वडील, मग वडिलांची आई, आणि शेवटी वडिलांचे वडील. कारण सांगतात ते हे की आईकडचं नातं शंभर टक्के खात्रीचं, बापाकडं खात्री तेवढी नाही. आजोळ म्हटलं की ज्यांच्या पोटात कालवतं त्यांना यात नवल वाटणार नाही. पण पाशोसनं २००० मध्ये ग्रीसची खेडी घेतली तर उलटं निघालं, तिथं वडिलांकडचे आजीआजोबाच जास्त बघतात, कारण सून त्यांच्याच घरात किंवा शेजारी नांदते. हे तर सरळ आपल्या करवीर नाहीतर कागल तालुक्यातलं घर झालं.

त्यात आपल्याकडं आणखी एक भानगड आहे जी जर्मनीतही नाही आणि ग्रीसमध्येही नाही. मामाची पोरगी करायची पद्धत. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना दक्षिणेकडच्या या चालीबद्दल सविस्तर लिहिलंय, आणि आपल्या भागात ‘मामाच्या पोरीवर पहिला हक्क’ हे काय कुणाला समजावून सांगायला लागत नाही. अशा लग्नात सुनेची आत्याच तिची सासू होते. म्हणजे जे मूल होतं त्याची ही आजी दोन्हीकडून रक्ताची, मुलाकडून एक चतुर्थांश, आणि सून भाचीच असल्यामुळं तिच्याकडून एक अष्टमांश, बेरीज तीन अष्टमांश. आईच्या आईचं नातं मात्र एक चतुर्थांशच राहिलं. वर बापाबद्दल शंका धरली तरी भाचीचा धागा सुटत नाही. हॅमिल्टनचं गणित खरं असेल तर अशा घरात वडिलांकडच्या आजीनं जर्मन आजीचा क्रम मोडायला पाहिजे. मोडतो का? माझ्या वाचनात तरी असा अभ्यास आपल्या भागातला आलेला नाही.

करायला अवघडही नाही. एकाच गावातली, एकाच घरात वडिलांकडच्या आजीसोबत राहणारी कुटुंबं घ्यायची, म्हणजे अंतराचा घोळ निघून जातो, निम्म्या घरांत आत्या सासू असलेली आणि निम्म्या घरांत परकी, आणि प्रश्न नेमके विचारायचे, आजारपणात कोण जागलं, शाळेची फी कुणी भरली, जेवताना पुढ्यात बसून कोण भरवायचं. ‘प्रेम किती करायची’ असं विचारू नका, सगळे दहापैकी दहा देतात. सुनेला सासूसमोर विचारायचं नाही हे तर सांगायलाच नको. आणि उसाचा सीझन सोडून जा, कारखाने सुरू झाले की दिवसा घरात माणूस भेटत नाही.