घर तिथंच, मतदारसंघ बदलला

आमचं नागपूरचं घर प्रतापनगरला. बाबांकडे एक जुनी लाल कव्हरची डायरी आहे, दर निवडणुकीच्या निकालानंतर पेपरात बघून आपल्या मतदारसंघाचे आकडे ते त्यात लिहून ठेवतात, कोण उभं होतं, कोणाला किती, फरक किती. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी अशी डायरी असते. त्या डायरीत एका पानावर 'पश्चिम नागपूर' असं लिहून त्याच्यावर एक रेघ मारलीय आणि बाजूला 'दक्षिण-पश्चिम' लिहिलंय, कारण २००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, पश्चिम नागपूरचे तुकडे पडले आणि २००९ च्या निवडणुकीपासून आमचं घर दक्षिण-पश्चिममध्ये गेलं. घर काही इंचभर हललं नव्हतं.

हे सगळं आज लिहायला बसले कारण इथं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज शहरात, माझ्यासोबत अगदी तेच झालं.

आम्ही २०१६ मध्ये इथं आलो. शहर तसं शांत, जेम्स नदीच्या काठावर, विमानवाहू जहाजं बांधणारं मोठं शिपयार्ड आहे. आम्हाला इथं मताचा अधिकार नाही, म्हणून सुरुवातीला निवडणुकीकडे माझं लक्षही नव्हतं. नंतर कळलं की आमचं अपार्टमेंट ९४ नंबरच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं. आपल्याकडे जशी विधानसभा तसं इथं हाऊस ऑफ डेलिगेट्स, १०० जागा, दर दोन वर्षांनी विषम सालात नोव्हेंबरमध्ये निवडणूक. आणि एक जागा म्हणजे साधारण ८० हजार लोकवस्ती फक्त, आपल्याकडे दक्षिण-पश्चिममध्येच साडेतीन-चार लाख मतदार आहेत, त्यामुळे इथला मतदारसंघ मला आधी एखाद्या मोठ्या प्रभागासारखाच वाटला.

तर २०१७. उमेदवार दोघं मुख्य, रिपब्लिकन डेव्हिड यॅन्सी, २०११ पासून निवडून येत होते, आणि डेमोक्रॅट शेली सायमंड्स, त्या इथल्या स्कूल बोर्डावर होत्या. याच दोघांची २०१५ मध्येही लढत झाली होती आणि यॅन्सी आरामात जिंकले होते, त्यामुळे ही जागा पक्की त्यांचीच असं सगळे धरून चालले होते. ७ नोव्हेंबरला मतदान झालं, मोजणी झाली, यॅन्सी १० मतांनी पुढे. दहा! मी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं नीट वाच, दहा हजार असंल."

मग फेरमोजणी झाली १९ डिसेंबरला. त्यात सायमंड्स ११,६०८ आणि यॅन्सी ११,६०७. एका मतानं निकाल पालटला. दुसऱ्या दिवशी तीन जजेससमोर एक मतपत्रिका आली, आणि या मतपत्रिकेचं मला इतकं नवल वाटलं की मी तिचा फोटो पेपरात किती वेळ बघत बसले होते. इथं कागदावर नावासमोरचा लंबगोल पेनानं भरायचा असतो. त्या मतदारानं दोघांच्याही नावासमोरचा गोल भरलेला, आणि सायमंड्सच्या गोलावरून एक तिरपी रेघ मारलेली. म्हणजे चुकून भरला गेला आणि खोडला? बाकी पदांसाठी त्या माणसानं रिपब्लिकनांनाच मत दिलं होतं, त्यामुळे कोर्टानं ते मत यॅन्सींचं धरलं. ११,६०८ - ११,६०८. कोणीतरी एक माणूस, मतदान केंद्राच्या त्या छोट्या आडोशाला उभा राहून हात चुकला म्हणून पेनानं एक रेघ मारतो, आणि त्या रेघेचा अर्थ लावायला तीन न्यायाधीश बसतात. मला खरंच अंगावर काटा आला होता.

आणि हे नुसतं एका जागेपुरतं नव्हतं. त्या निवडणुकीच्या आधी सभागृहात रिपब्लिकन ६६ आणि डेमोक्रॅट ३४ होते, त्या एका लाटेत डेमोक्रॅट्सनी १५ जागा घेतल्या. ९४ नंबर सायमंड्सना गेली असती तर ५०-५०, यॅन्सींना गेली तर ५१-४९. अख्ख्या राज्याची सत्ता आमच्या गल्लीत येऊन अडकली होती.

व्हर्जिनियाच्या कायद्यात समान मतं पडली तर चिठ्ठी. ४ जानेवारी २०१८, आमच्याकडे त्या दिवशी इतका बर्फ पडला की दार उघडेना, शाळा-ऑफिस सगळं बंद, मी लॅपटॉपवर लाइव्ह लावून बसले आणि फोनवर बाबा, तिकडे रात्रीचे साडेनऊ, आई मागून ओरडून राहिली की जेवण झालं की बोला ना. राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, टेबलावर निळसर रंगाचं मातीचं वाडगं, तिथल्या कला संग्रहालयातून आणलेलं. दोन कागदांवर दोन नावं, ती कॅमेऱ्याच्या जुन्या रोलच्या डब्यांमध्ये घातली, डब्या वाडग्यात, हलवल्या, आणि निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी एक उचलली. डेव्हिड यॅन्सी. संपलं.

बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मुंबईतबी असंच झालं होतं की." आणि खरंच, २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० नंबर प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना ५,९४६ - ५,९४६ मतं पडली होती, एका लहान मुलीनं चिठ्ठी काढली आणि शहा जिंकले. आमदार-खासदारांसाठीही आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ मध्ये हेच आहे, चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याला एक मत जास्त मिळालं असं समजायचं. बाबांनी माझ्याकडून ११,६०८ हा आकडा दोनदा वदवून घेतला आणि डायरीत लिहिला. वर मथळा, 'न्यूपोर्ट न्यूज, ९४'.

पुढच्या निवडणुकीआधी २०१९ मध्ये इथं कोर्टाच्या आदेशानं काही डिस्ट्रिक्टच्या सीमा बदलल्या. आधीच्या नकाशात कृष्णवर्णीय मतदारांना ठराविक जागांमध्ये कोंबलं होतं असा तो खटला होता. त्यात आमच्या ९४ च्याही सीमा बदलल्या, तेच दोघं तिसऱ्यांदा समोरासमोर, आणि या वेळी सायमंड्स मोठ्या फरकानं जिंकल्या. सभागृहही डेमोक्रॅट्सकडे गेलं.

तिकडे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपलं मतदान. मी शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं, अर्ध्याजणी म्हणाल्या सुट्टी होती म्हणून बाहेर गेलो, आपल्याकडे कोण येणार ते माहीतच असतं. दक्षिण-पश्चिमबद्दल हे म्हणता येईल, मान्य. फडणवीस १९९९ आणि २००४ ला पश्चिममधून आणि २००९ पासून प्रत्येक वेळी दक्षिण-पश्चिममधून आलेत, २०१४ चा फरक ५८ हजारांच्या वर होता. पण त्याच २०१९ ला शेजारच्या दक्षिण नागपुरात आणि मध्य नागपुरात जेमतेम चार-चार हजारांनी निकाल लागला, आणि ह्याच मैत्रिणींपैकी दोघी दक्षिणमध्ये राहतात! काँग्रेसचे विकास ठाकरे २००९ ला दक्षिण-पश्चिममध्ये हरले, २०१४ ला पश्चिममध्ये हरले, २०१९ ला तिथूनच निवडून आले. शहरात मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास अडकतं आणि मग आपणच म्हणतो काही बदलत नाही. मला राग येतो, खरं सांगते. २०१५ ला ९४ नंबरही पक्कीच वाटत होती ना लोकांना.

बाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी फॉर्म ६अ असतो, तो भरून मी ओव्हरसीज मतदार म्हणून नाव नोंदवलं. पण मत द्यायला स्वतः जावं लागतं, पासपोर्ट घेऊन, पोस्टानं वगैरे काही नाही. म्हणून २०२४ ला दिवाळीला आले ती मुद्दाम २० नोव्हेंबरपर्यंत थांबले. सकाळी आईनं तर्री-पोहे केले, बाबांचा हात धरून शाळेतल्या केंद्रावर गेले, रांगेत चाळीस मिनिटं, बाबांना खुर्ची देत होते तर त्यांनी नाही घेतली.

२३ तारखेला निकाल लागला, दक्षिण-पश्चिमचा फरक ३९,७१०. रात्री बाबा डायरी घेऊन बसले, तो आकडा लिहिला आणि मागची पानं उलटत मला म्हणाले, "तुमच्या ९४ चं काय चालू आहे सध्या?" मी सांगितलं की तिकडे पुन्हा नकाशा बदलला, २०२३ च्या निवडणुकीपासून आमचा नंबर ७० झाला, सायमंड्स आता तिथूनच निवडून आल्यात. "अन् घर?" म्हटलं घर तेच. त्यांनी ९४ वर एक रेघ मारली आणि बाजूला ७० लिहिलं.