तुम्ही विचारलंत म्हणून : गुडघ्याला सुया टोचून घेऊ का?

"मॅडम, गुडघ्याला सुया टोचून घेऊ का? काय फरक पडतो का त्यानं?" मी सांगलीत फिजिओथेरपी करते आणि हा ॲक्युपंक्चरचा, म्हणजे दुखणं कमी व्हावं म्हणून ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा, प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की उत्तर एकदा लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे. मिरजेला एक्स-रे काढून "गॅप कमी झालाय" हे ऐकून आलेले, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलणारे. आधीच सांगते, मी सुया टोचत नाही, माझं पोट व्यायाम शिकवण्यावर चालतं. तेवढं वजा करून वाचा.

फरक पडतो. कशानं पडतो, हा खरा घोळ आहे. झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं कमी-जास्त होत राहतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी असह्य झाल्यावर. पुढे ते आपसूक थोडं उतरतं आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं, मग ती सुई असो की हळदीचा लेप. (आमच्याकडे हळदीला श्रेय कधी कमी पडलेलं नाही.) हे सगळं वगळून नुसत्या सुईचा हिशेब करायचा, तर काही रुग्णांना खोटी सुई द्यावी लागते, त्यांना कळू न देता.

गोळीचं सोपं असतं, तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. सुईसाठी 1998 साली जर्मनीतल्या श्ट्राइटबर्गर यांनी एक युक्ती मांडली. बोथट टोकाची सुई, कातडीवर दाबली की दांडी मुठीत सरकते. नाटकातल्या खंजिरासारखी, नाट्यपंढरीत याहून जास्त समजावायला नको. टोचल्यासारखं वाटतं, आत काहीच जात नाही.

2006 साली जर्मनीतल्याच एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे झिजेचे, हजारावर रुग्ण, तीन गट. पहिल्याला रीतसर ॲक्युपंक्चर. दुसऱ्याला सुया खऱ्याच, पण ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे आणि वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला डॉक्टरांच्या तेवढ्याच भेटी आणि दुखण्याच्या गोळ्या. गरजेपुरती फिजिओथेरपी तिघांनाही. 26 आठवड्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात 53 टक्के, दुसऱ्यात 51, तिसऱ्यात 29.

ॲक्युपंक्चरवाले 53 आणि 29 दाखवतात, टीकाकार 53 आणि 51. खोटं कुणीच बोलत नाही. मी त्यातून एवढंच घेते, की सुई नेमकी कुठल्या बिंदूत गेली याला फारसं महत्त्व नाही. सुईनं काहीच होत नाही, असं मात्र या चाचणीवरून म्हणता येत नाही, कारण वरवर टोचलेली सुईही शरीराला जाणवतेच. शिवाय तिसऱ्या गटातले लोक सुयांच्या आशेनं आले आणि त्यांच्या वाट्याला नेहमीच्याच गोळ्या आल्या. हिरमोड झालेल्या माणसाचा गुडघा कमी दुखेल कसा?

मला सगळ्यात बोलकी वाटते ती 2010 मधली अमेरिकेतली चाचणी. तिथे खऱ्या-खोट्या सुयांबरोबर टोचणाऱ्याचं बोलणंही ठरवून दिलं होतं. काहींना "माझ्या रुग्णांना याचा चांगला गुण येतो" असं सांगायचं, काहींना "येईल किंवा नाही येणार". खऱ्या आणि खोट्या सुईत फरक दिसला नाही. बोलण्यानं मात्र दुखण्यात फरक पडला, थोडासाच, पण मोजता येण्याइतका. आमच्या पेशातले कितीजण एक्स-रे बघून "गुडघे संपलेत तुमचे" म्हणून मोकळे होतात, ते आठवा.

हे पुरावे समोर असतानाच जर्मनीच्या सरकारी विम्यात 2007 पासून गुडघ्याचं ॲक्युपंक्चर बसलं. कुठले उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं 2022 च्या मार्गदर्शिकेत ते देऊ नका म्हटलं. मी नाइसच्या बाजूची, पण कुणी सुया टोचून घेतल्या म्हणून रागावत नाही. बरं वाटलं तर ते बरं वाटणं खरंच असतं.

तेव्हा जायचं तर जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखरेमुळे पाय बधिर असतील तर टोचणाऱ्याला आधी सांगा. सुया नवीन, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. पूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ मागितले तर देऊ नका. आणि मांडीचे व्यायाम सुयांच्या दिवशीही करायचेच. "आज सुया होत्या, म्हणून केले नाहीत" हे मी ऐकून घेणार नाही.