बंडीचा तट्टा आणि पाचवीची भूमिती

माझ्या मुलीच्या गणिताच्या वहीत सध्या माओरी नक्षी आहे. इथे न्यूझीलंडमध्ये माओरी या मूळ रहिवाशांच्या सभागृहाच्या वाशांवर लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगांत नेच्याच्या उमलत्या कोंबासारखी वळणे रंगवलेली असतात. त्या नक्षीला कोफाइफाइ म्हणतात. आकृती सरकवणे, फिरवणे आणि तिचे आरशातील प्रतिबिंब काढणे, हे तिन्ही प्रकार बाईंनी या नक्षीवरच शिकवले. पुढचा पाठ तुकुतुकुचा, म्हणजे भिंतीवरच्या विणलेल्या जाळीचा होता. ती विणताना एक जण पुढे आणि एक जण मागे बसतो आणि पट्टी आरपार एकमेकांच्या हाती देतो. तिच्यावरील पायऱ्यांची नक्षी वाढत गेली की चौकोन १, ३, ६, १० असे होत जातात. त्यापुढची संख्या मुलांनी शोधायची होती.

यासाठी शाळेने वेगळा 'संस्कृती दिन' ठेवला नव्हता, कोणाला पारंपरिक पोशाखही घालायला सांगितला नव्हता, आणि हेच मला सर्वांत मोलाचे वाटले. तो गणिताचा रोजचा तास होता, त्यावर चाचणी होणार होती, आणि त्या तासाला जिच्या आजीला जाळी विणता येते ती माओरी मुलगी फळ्यापाशी उभी राहून इतरांना समजावत होती.

तरीही या देशाकडून आपण सगळे शिकावे, असे मी म्हणणार नाही. इथल्या शाळांत एके काळी माओरी बोलल्याबद्दल मुलांना मार मिळत असे, आणि त्या भाषेला अधिकृत दर्जा मिळायला १९८७ साल उजाडले. आपल्या राज्यघटनेत भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याविषयीचे कलम ३५०क १९५६ सालीच आले आहे.

कलम आले, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात कोलाम आदिवासींच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, मूल आजही घरची कोलामी घेऊन पहिलीत येते आणि पुस्तकातली मराठी ऐकून गप्प बसते. माझ्या वहिनी तिकडेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. दोन शिक्षकांनी सगळे वर्ग सांभाळायचे, त्यात माहिती भरणे, पोषण आहार आणि सर्वेक्षणे. तरी त्या मुलांकडून कोलामी शब्द शिकल्या आणि पहिलीची गोष्ट आधी त्या शब्दांत सांगतात. इथल्या बाईंना मदतनीस आहे, तयारीला स्वतंत्र वेळ आहे, त्यामुळे दोघींना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

साधनांची कमतरता मात्र आपल्याकडे नाही. कोलामांच्या हातचा बंडीचा तट्टा, म्हणजे बैलगाडीसाठी विणलेली बांबूची चटई, जवळून पाहावा. बांबूची पट्टी दोन पट्ट्यांवरून जाते, दोन पट्ट्यांखालून जाते आणि प्रत्येक नवी ओळ एका पट्टीने पुढे सरकते, म्हणून तिरपी रेघ उमटते. पाचवी ओळ पुन्हा पहिलीसारखी येते. मग पंचविसावी ओळ कोणत्या ओळीसारखी असेल? हा पाचवीचा भागाकार आहे, आणि घरी तट्टे विणले जाणारे मूल त्याचे उत्तर बहुधा बाईंच्या आधी देईल. असा प्रश्न पाठ्यपुस्तकात आणि परीक्षेत आला, तरच कामाच्या ओझ्याखालच्या शिक्षकाला तो शिकवण्याची सवड मिळेल.

परदेशात बसून सल्ला देणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मी त्याच तालुक्यातील शाळेत शिकले, आणि पुस्तकाची मराठी माझ्या घरची असल्यामुळे माझा मार्ग सुकर झाला, हे दूर आल्यावर मला अधिक स्पष्ट दिसते आणि म्हणूनच बोलावेसे वाटते.

वहिनींना मी सुचवले आहे की, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन पोडावरच्या एखाद्या विणणाऱ्या काकांना गणिताच्या तासाला बोलवावे. त्यांनी मराठीचा आग्रह न धरता कोलामीतच सांगावे, आणि वर्गातल्या कोलाम मुलांनी ते इतरांना समजावावे. काकांना त्या दिवसाची मजुरी मात्र रोख मिळाली पाहिजे, कारण तेवढ्या वेळात त्यांचा विकण्याजोगा तट्टा विणून झाला असता.