आमची वाटचाल : एएमसीच्या धंद्यातून सिम्युलेशनपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटला पहिल्या मजल्यावर भाड्याचा गाळा आणि हातात फायर अलार्मच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची कंत्राटं, सुरुवात एवढीच. जानेवारी-जुलै आला की फॉर्म बी साठी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याच्या सहामाही दाखल्यासाठी, नुसती पळापळ, पोलला स्मोक कॅन लावून एकेक डिटेक्टर टेस्ट करायचा, हूटर वाजला की सिक्युरिटीवाला धावत येऊन पॅनल सायलेंट करणार. अशी बरीच वर्षं गेली, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण पुढचं सगळं त्याच पैशावर उभं राहिलं.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे आग लागल्यावर माणसं कशी बाहेर पडतील ते कॉम्प्युटरवर चालवून बघण्यात, ओढलं ते आमच्या पार्टनरनी. अग्निशमन दलातून रिटायर झालेले, आम्ही सगळे दादाच म्हणतो. ते पहिल्यापासून सांगायचे की माणूस ज्या दारातून आत आला त्याच दाराकडे पळतो, मागचा जिना दहा फुटांवर असला तरी. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलची आग झाली, 14 जणं गेली, त्यातली बरीच वॉशरूममध्ये सापडली. दादा त्या दिवशी दुपारपर्यंत गप्पच होते, मग मला म्हणाले, "प्लॅनवर हिरवे बाण काढणं पुरे झालं, माणसं कुठे पळतील ते दाखवता येतं का बघ."

मग माणसांची हालचाल दाखवणारं पाथफाइंडर सॉफ्टवेअर शिकलो, धुरासाठी निस्ट या अमेरिकन सरकारी संस्थेचं एफडीएस. एफडीएस फुकट मिळतं पण मशीन खातं, रन लावला की पीसी रात्रभर घोंघावतो आणि सकाळी कळतं की मेश, म्हणजे जागेचे पाडलेले बारीक चौकोन, चुकलीय. तरी खरं काम साइटवरच होतं. दादांच्या हातात लेझर मीटर, माझ्या हातात स्टॉपवॉच, दारात उभा पोरगा टॅली काउंटर दाबतोय. एक मीटरचा दरवाजा हिशोबात सत्तरच सेंटीमीटर धरायचा, दोन्ही बाजूला पंधरा पंधरा सोडून, कारण माणूस चौकटीला घासून चालत नाही.

भिवंडीचे आमचे शेठ गारमेंटवाले, त्यांच्याकडे पहिलं पूर्ण काम केलं. शिफ्टला तीनशे माणूस, वापरात एकच मीटरभर दार, दुसऱ्यासमोर कापडाचे तागे. त्या दाराचे हिशोबातले सत्तर सेंटीमीटर घेऊन मीटरला सेकंदाला 1.3 माणसं धरली तरी नुसतं दार ओलांडायलाच साडेपाच मिनिटं. शेठना स्क्रीनवर ती दाराशी तुंबलेली गर्दी दाखवली, ते एक शब्द बोलले नाहीत, संध्याकाळपर्यंत तागे हलवले. कापडाच्या धुळीने साधे स्मोक डिटेक्टर उगाच वाजायचे म्हणून धूर आणि उष्णता दोन्ही बघणारे मल्टीसेन्सर लावले, जिन्याच्या दारांवर माणसं मोजणारे काउंटर बसवले, काँक्रीटच्या जिन्यात लोराचा, म्हणजे सेन्सरच्या वायरलेसचा, सिग्नल मरतो म्हणून लँडिंगला तो पुढे पाठवणारा रिपीटर. नंतरच्या ड्रिलला आमचा आकडा आणि स्टॉपवॉच जवळपास जुळले, दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि मग ते हॉस्पिटलचं कोटेशन. अजून आठवलं की डोकं फिरतं. आम्ही वॉर्ड वॉर्ड फिरून मोजलं, बेडवरचा पेशंट जिन्यातून उतरवायला किती माणसं लागतात ते नर्स मॅडमना विचारून धरलं. समोरची पार्टी निम्म्या रेटला आली, सोबत रंगीत थ्रीडी व्हिडिओ, वर एआय लिहिलेलं. त्यात आयसीयूचे पेशंट तरण्या पोरांच्या स्पीडने चालत होते, अलार्म वाजल्या सेकंदाला सगळा वॉर्ड उठून निघाला, आणि मागचा जिना, ज्याला मी स्वतः कुलूप बघितलेलं, तो उघडा दाखवलेला. मी मीटिंगमध्ये हे सगळं बोललो. ऑर्डर त्यांना गेली. कमी रेटचं दुःख नाही हो, धंद्यात चालतं, पण पेशंटच्या जिवावर खोटे आकडे टाकायचे हे मला आजही पचत नाही.

त्याच सुमारास एका मॉलने सेन्सर बसवून घेतले आणि पेमेंट अडकवलं, बिल दिलं की नवीन मॅनेजर, परत पहिल्यापासून. त्यावर 2020 चा लॉकडाऊन. सर्व्हिसची गाडी विकली, पोरांचे पगार अर्धे झाले, गाळेमालकाचा फोन आला की पोटात गोळा यायचा. तेव्हा भिवंडीच्या शेठनी, स्वतःची मशिनं बंद असताना, पुढच्या वर्षाच्या एएमसीचे पैसे आगाऊ पाठवले, वर म्हणाले, "भाऊ, तुम्ही बंद पडलात तर माझ्या पोरांना कोण मोजणार?" मॉलचे पैसे आजपर्यंत आलेले नाहीत.

आता नवीन येणाऱ्या पोरांसाठी सांगतो, सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी एखादं ड्रिल दारात उभं राहून बघा. लोक हूटर ऐकून आधी एकमेकांकडे बघतात, मग मोबाईल, मग बॅग, तो वेळ मॉडेलमध्ये धरला नाही तर रिपोर्ट रद्दीत टाका. आणि सोसायटीच्या सेक्रेटरी लोकांनो, उंच बिल्डिंगला दिलेला रेफ्युज एरिया आग लागल्यावर माणसांनी थांबायला असतो, तिथले सायकली आणि जुने सोफे काढा.

सध्या बाण बदलणाऱ्या एक्झिट साइनवर काम चालू आहे, जिन्यात धूर शिरला की त्या दारावर लाल फुली येते आणि बाण दुसऱ्या जिन्याकडे वळतो. पहिला सेट शेठच्याच युनिटला लागतोय, वायरिंग झालंय, पॅनलचं प्रोग्रॅमिंग बाकी आहे.